पासष्ट टक्के ओलावा

ट्रकवाला टायरेल कागद पुढे करून म्हणाला,
"बाई, सही करा. रोपं नाहीत, गॅसची टाकी नाही, दारूगोळा नाही.
आणि सिगार आम्ही नेत नाही.
टेक्सासात आमच्या डब्याची भट्टी होते."
म्हटलं, ठाऊक आहे.
कासिमिरो लिहून गेलाय.

कपाटाच्या दाराला आतून डकवलेला कागद,
दवाखान्यातून परत आणला त्या आठवड्यातला,
अक्षर उजवीकडे घसरत गेलेलं:
देवदारी पेट्या रिकाम्या जातील, गोधडीत गुंडाळून.
माल पिकनिकच्या बर्फपेट्यांत.
बर्फ घालायचा नाही. (खाली दोन रेघा.
मला अक्कल कमी, हे त्याचं जुनं मत.)
पोकळी राहिली तर फडकी कोंब, हादऱ्यानं वरचं पान तडकतं.
ओलाव्याच्या पुड्या, पेटीमागे सहा.
काटा पासष्टवर.
पारा पंचवीसपलीकडे गेला की आतली अंडी जागी होतात,
किडा तिळाएवढा,
पण तीस वर्षांची चाळण करतो.

आठशे बेचाळीस. मीच मोजले.
एकही ओढला नाही कधी.
मी पडदे धुतले, दर शनिवारी.

टँपा ते टूसॉन, एकवीसशे मैल, चार दिवस.
मागच्या सीटवर तीन पेट्या, पट्टे आवळून.
एसी वीसवर.
लुइझियानाच्या दलदलीवरचा तो न संपणारा पूल
मी ऑगस्टात स्वेटर घालून ओलांडला.
एरवी एसीला हात लावला की म्हणायचा, पेट्रोल जातं, ओफेलिया.
गाडी बंद करायची नाही, म्हणून जेवायला उतरायचं नाही.
उकडलेले शेंगदाणे, टरफलं मांडीवर.

फोर्ट स्टॉकटनचं मोटेल. दुसरा मजला, लिफ्ट नाही.
तीन पेट्या, तीन फेऱ्या.
बर्फाच्या यंत्रापाशी एक पोरगा:
"मासे आहेत?"
"नाही."
"मग बिअर?"
"नाही रे बाबा."
त्याचा चेहरा पडला. तिसरी पेटी मात्र त्यानंच चढवली.

रात्री झाकणं उघडली.
पहिलीत पासष्ट. दुसरीत सहासष्ट.
तिसरीत एकसष्ट.
कागद म्हणतो, नळाचं पाणी नको, बुरशी धरते,
शुद्ध पाणी, स्पंजाला, निथळून.
रात्री दोन वाजता पेट्रोल पंपावर गेले.
"इस्त्रीसाठी का?" गल्ल्यावरचा म्हणाला.
म्हटलं, हो.
साबणाच्या वाटीत स्पंज ठेवून काट्याकडे बघत बसले.
एकसष्ट. एकसष्ट. बासष्ट.
शेवटी शेवटी त्याचे ओठ सुकायचे,
कापूस भिजवून फिरवायचे मी.
नळाचंच पाणी होतं ते.

लास क्रूसेस सोडल्यावर तपासणी नाका.
कुत्रा मागच्या दारापाशी थबकला.
शिपाई म्हणाला, पेटीत काय?
"पानं," मी म्हणाले,
आणि लगेच जीभ चावली.
त्यानं झाकण उचललं. कुत्रा शिंकला.
रांगा बघून शिपाई जरा वेळ गप्पच.
"तुम्ही ओढता?"
"नाही. मी फक्त त्यांना ओलं ठेवते."
त्यानं झाकण लावलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू.

टूसॉनात नोएमीच्या घरी हवा पापडासारखी.
दारातल्या काट्यावर चौदा.
संध्याकाळी जावई आला, हात चोळत,
"एखादा काढायचा का आज? त्यांच्या नावानं?"

कागदाची शेवटची ओळ
मी पाठ करून ठेवली होती:
प्रवासानंतर तीन आठवडे हात लावू नये.
ढवळून निघालेले असतात, बसू द्यावेत.

खोलीचा पडदा ओढला.
नोएमीनं बाहेरून विचारलं, आई, जेवायला?
म्हटलं, तुम्ही घ्या.
तीन आठवडे लागतील.